विद्येचा अधिकारी कोण?

मे-जून महिना आला की दहावी-बारावीचे निकाल लागतात. कुठे पेढे वाटले जातात, कुठे त्या दिवशी चूलही धड पेटत नाही, आणि पारावर एक चर्चा हमखास निघते. अमक्याचा मुलगा पुढे गेला, तमक्याची पोर मागे राहिली, असे का? उत्तर ठरलेले असते. "ज्याचं त्याचं नशीब!" कोणी जरा शिकलेला असला तर म्हणतो, "बुद्धी उपजतच असावी लागते." या दोन उत्तरांनी पाराचे समाधान होते. आमचे होत नाही.

वाचक म्हणतील, बुवांनी कीर्तन करावे, शाळेच्या निकालात त्यांचे काय काम? मायबाप हो, विषय शाळेचा दिसतो, पण प्रश्न धर्माचा आहे. एकाच गावात, एकाच फळ्यासमोर बसलेली दोन लेकरे. दहा वर्षांनी एक कचेरीत खुर्चीवर बसते आणि दुसरे त्याच कचेरीत अंगठा पुढे करते. हे अंतर देवाने पाडले असेल तर आपण हात जोडावेत. आपण पाडले असेल तर नुसते हात जोडून सुटका नाही. म्हणून हे अंतर कोणाचे, एवढाच विचार या लेखात करावयाचा आहे.

शास्त्राच्या अभ्यासाला बसताना गुरुजन पहिल्यांदा विचारीत, या शास्त्राचा अधिकारी कोण? अधिकार म्हणजे हुकूमत नव्हे. एखादे कर्म करण्याची, त्याचे फळ घेण्याची पात्रता ती अधिकार. मीमांसकांनी अधिकाऱ्याची जी लक्षणे सांगितली, त्यांतील तीन आपल्या कामाची आहेत. तो अर्थी असावा, म्हणजे त्याला ते फळ हवे असावे. तो समर्थ असावा, म्हणजे ते कर्म करण्याची शक्ती व साधने त्याच्याजवळ असावीत. आणि तो पर्युदस्त नसावा, म्हणजे कोणी त्याला 'तू नको' म्हणून वगळलेले नसावे. इच्छा, शक्ती आणि मोकळे दार. ही तीन लक्षणे शाळेच्या दारात नेऊन उभी करू, आणि मागे राहणाऱ्या लेकरात यांतले काय उणे आहे ते पाहू.

प्रथम सामर्थ्य घेऊ, कारण 'बायकांच्या जातीला बुद्धी कमी' हा पूर्वपक्ष सर्वांत जुना. त्याचे उत्तर द्यायला पोथी उघडण्याचीही गरज नाही, निकालपत्र पुरे. २०२५ सालच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत शंभरांतल्या सुमारे ९६ मुली उत्तीर्ण झाल्या आणि मुलगे सुमारे ९२. बारावीला मुली ९४ च्या वर, मुलगे ९० च्या खाली. हे एका वर्षाचे नवल नाही. वर्षानुवर्षे निकालाच्या दिवशी हेच ऐकू येते. बाहेरच्या जगात पाहावे तर अमेरिकेसारख्या देशात विद्यापीठांत आज पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक आहेत. तेव्हा बुद्धीचा वाद येथेच मिटला. जी परीक्षेच्या बाकापर्यंत पोचली, तिने आपले सामर्थ्य सिद्ध केले आहे.

मग दुसरा कागद पाहा. २०११ च्या जनगणनेत आपल्या हिंगोली जिल्ह्यात साक्षर पुरुष शेकडा सुमारे ८७ आणि साक्षर स्त्रिया सुमारे ६९. त्याच जनगणनेत सबंध महाराष्ट्राचे पुरुष ८८ आणि स्त्रिया ७६ च्या आसपास. हे आकडे जुने झाले खरे, पण त्यांतील मर्म जुने झालेले नाही. आपल्या जिल्ह्याचा पुरुष राज्याच्या पुरुषापेक्षा एक-दीड पाऊलच मागे होता. आपल्या जिल्ह्याची बाई मात्र राज्याच्या बाईपेक्षा सात पावले मागे होती. आपण म्हणतो, आमचा भाग मागास, पाणी नाही, कारखानदारी नाही, म्हणून शिक्षण नाही. बरं, मागासपणा सगळ्यांचा होता, मग त्याचे ओझे बाईच्याच डोक्यावर एवढे कसे चढले? दुष्काळ काही पुरुष-बाई बघून पडत नाही. पुरुषाला राज्याच्या बरोबरीने नेण्याइतके बळ आपल्याजवळ होते. ते कोणासाठी वापरावे हे आपणच ठरविले.

इतिहासही सांगितला पाहिजे, नाही तर विचार एकांगी होईल. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरातल्या मुलालाही शिकायचे तर परक्या भाषेची भिंत ओलांडावी लागे. मुलीची गोष्टच काढायला नको. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. त्याच साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा १८४८ साली घातली होती. म्हणजे मधे शंभर वर्षांचे अंतर आहे. ज्या घरात आजी निरक्षर, आई चौथीपर्यंत, त्या घरातल्या नातीचा अभ्यास कोण घेणार? तिच्या वर्गातल्या शिक्षकाच्या मुलीला घरीच उत्तर सापडते. हिला शाळा सुटली की उत्तरही सुटते. सावकाराचे कर्ज जसे बापाकडून लेकाकडे येते, तशी अक्षरांची ही वाण आईकडून लेकीकडे आली. निकालपत्रावर नाव एकट्या लेकराचे असते, पण गुण तीन पिढ्यांचे असतात.

जातीचेही तसेच. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद जर आमचे नव्हेत, तर आम्हांला कोणता धर्म, असा रोखठोक प्रश्न त्या पोरीने विचारला. तिला शाळेची जेमतेम तीन वर्षे मिळाली होती! तिच्या आधी शेकडो वर्षे तिच्या जातीत एकही बुद्धिमान मूल जन्मले नव्हते असे कोणी म्हणेल काय? जन्मली असतील, पण ती झाडता झाडता आणि मोळ्या वाहता वाहता संपली. बुद्धी होती, बाक नव्हता.

आता अर्थित्व, म्हणजे इच्छा. कोणी म्हणतात, "आमच्या पोरीलाच शाळेची आवड नाही." असेलही. पण आवड आकाशातून पडत नाही. रोपाला पाणी घालावे तशी ती वाढवावी लागते. एका घरातली बहीण-भाऊ डोळ्यांपुढे आणा. पहाटे पोरगी उठते, सडा-झाडलोट, पाणी भरणे, धाकट्याला आंघोळ, भाकरी, मग धावत शाळा. संध्याकाळी परत तेच. मुलगा उठतो तेव्हा चहा तयार असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या पाहणीत असे आढळले की देशात जी माणसे घरकाम करतात, त्यांत बाईचे रोज २८९ मिनिटे त्या कामात जातात आणि पुरुषाची ८८. पावणेपाच तास आणि दीड तास! हा हिशेब लग्न झाल्यावर सुरू होत नाही, तो परकरापासूनच सुरू होतो. दिवसभर राबलेली पोर रात्री पुस्तक उघडते आणि त्यावरच पेंगते. मग आपण म्हणतो, हिला आवड नाही. त्यात भर म्हणून येता-जाता ऐकवतो, "शिकून काय कलेक्टर व्हायचंय? शेवटी चूलच फुंकायची." ज्या दारातून आपण तिला जाऊ देणार नाही, त्या दाराची तिने ओढ कशाला धरावी?

आमच्या टोकाई गडाजवळच्या या कुरुंद्याच्या आणि वसमतच्या शिवारात हळद मोठी. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अभिमानाची गोष्ट आहे. पण पंचांग उघडून पाहा. महाशिवरात्र ते होळी हा हळद काढण्याचा, वेचण्याचा, शिजविण्याचा हंगाम, आणि परीक्षाही नेमक्या त्याच दिवसांत. घरातली बाई रानात गेली की घर पोरीवर; कधी पोरीलाही कंद वेचायला न्यावे लागते, कारण मजुरीचे चार पैसे सुटतात. मालाला नाव मिळाले, वेचणारीला गुणपत्रिका मिळाली नाही. आणि पुष्कळ घरांत हळद वेचता वेचताच पोरीला हळद लागते.

त्याहून कठीण ऊसतोडीला जाणाऱ्यांचे. दिवाळी झाली की गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. शाळेचे वर्ष अर्ध्यावर असते. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला बरोबर न्यायचे ते फडावर खोपीत धाकटे सांभाळायला आणि भाकरी करायला. मुलालाही नेतात, त्याचीही शाळा बुडते. पण परत आल्यावर मुलाला पुन्हा वर्गात बसवितात, पोरगी मात्र 'आता घरचं बघू लागली' म्हणून घरीच राहते. म्हणजे गरिबी दोघांना पाडते, पण उठविताना आपण हात एकालाच देतो.

राहिले तिसरे लक्षण, पर्युदास. 'तू नको' असे आज कोण म्हणते? कायदा म्हणत नाही. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला-मुलीला मोफत व सक्तीचे शिक्षण, हा २००९ चा कायदा २०१० पासून लागू आहे. खेड्यातल्या मुलीला शाळेला जायला एस.टी.चा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमातून सायकली आहेत, बसगाड्या आहेत. ज्यांच्या घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, अशा ठरलेल्या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी शासनाने २०२४ साली माफ केली. दाराची कडी बाहेरून काढलेली आहे. मग दार उघडत का नाही? आतून आडसर आहे, आणि त्या आडसराचे नाव लवकर लग्न.

२०१९ ते २१ या वर्षांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना विचारले, तेव्हा महाराष्ट्रात शंभरांत सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात शंभरांत ४८. ज्या परभणीतून आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा निघाला, तीच ही परभणी. तेव्हा 'ते त्यांचे' म्हणून आपल्याला मान फिरविता येत नाही. सोयरीक, रीतभात, बोली, सगळे एकच. जवळजवळ निम्म्या लेकी! यांतल्या कित्येक जणी बारावीला त्या ९४ मध्ये बसल्या असत्या. बसल्याच नाहीत, म्हणून कोणत्याही निकालात नापास म्हणूनही त्यांची नोंद नाही.

एक प्रसंग सांगतो. या भागातल्या एका गावी सप्ताहाचा काला झाला. प्रसाद घेऊन मंडळी पांगली, तसे एक माळकरी गृहस्थ जवळ येऊन बसले. दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, एकादशी न चुकविणारे. लेक अकरावीला, वय सतरा, सोयरीक जुळलेली. "महाराज, लग्नाला आशीर्वाद द्यायला यायचं बरं." आम्ही म्हटले, "पोरगी अजून अठराची नाही, येणार नाही. आणि ती शिकते ना?" ते गृहस्थ रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "महाराज, तुम्ही सांगून जाताल. दिवाळीनंतर आम्ही दोघं सहा महिने फडावर. म्हातारी गेली औंदा. तरणीताठी पोर कोणाच्या भरवशावर ठेवू? बरोबर न्यावं तर तिथं दाराला कवाड नाही. उद्या काही झालं तर गाव माझ्या तोंडात शेण घालील. अन् जास्त शिकली की हुंडा वाढतो, हे तुम्हांला ठाऊक नाही का?"

या बापाला अज्ञानी म्हणणे सोपे आहे, पण ते खोटे होईल. त्याला लेक जड झाली नव्हती. तिची काळजी जड झाली होती. एकट्याने उचलण्याजोगे ते ओझेच नव्हते. अशा वेळी 'मुलगी शिकवा' असा नुसता उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे शास्त्र सांगणे. पण त्याचे उत्तर खरे मानून गप्प बसणे हेही पाप. कारण त्या गावात त्याच सप्ताहात सात दिवस पंक्ती उठल्या होत्या. रोज शेकडो पाने. त्या गावाला पंधरा-वीस लेकरांना सहा महिने दोन वेळा जेवू घालणे आणि रात्री त्यांच्या खोलीपाशी दोन वडीलधाऱ्या बायांनी निजणे अशक्य होते काय? मोसमापुरती अशी सोय करण्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. त्या पोरीला पर्युदस्त केले ते एकट्या बापाने नव्हे. त्याला एकटे सोडणाऱ्या सगळ्या गावाने केले.

आता काही शंकांचा परिहार करू.

पहिली शंका: शास्त्रच स्त्रीला अधिकार देत नाही, मग आम्हांला दोष का? असे म्हणणाऱ्यांनी शास्त्र वाचलेले असतेच असे नाही. जैमिनींच्या पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात हा वाद आहे. पूर्वपक्षी म्हणतो, विधिवाक्यात पुल्लिंगी शब्द आहे म्हणून कर्म पुरुषाचे. शिवाय बाईजवळ द्रव्य नाही. सिद्धांती बादरायणांचे मत घेऊन उत्तर देतो की त्या शब्दातले लिंग विवक्षित नाही, आणि फळाची इच्छा स्त्रीला पुरुषाइतकीच असते, तेव्हा तिलाही अधिकार आहे. पुढे निर्धनाचाही विचार आहे. द्रव्य नाही म्हणून त्याचा अधिकार गेला असे नाही, कारण निर्धनता कायमची नसते, द्रव्य मिळविता येते. केवढा मोठा विचार! साधन नसणे आणि अधिकार नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साधन नसेल तर ते पुरवावे, अधिकार नाकारू नये. आपण पारावर नेमके उलटे करतो. साधन दिले नाही, ही आपली उणीव. आणि 'तिचा वकूब नाही' असा ठपका तिच्यावर.

पण सत्य सांगायचे तर पुरते सांगावे. स्त्रीला तेथे अधिकार मिळाला तो पतीच्या सोबतीने. आणि त्याच पादात शूद्राला दार बंद केलेले आहे. बादरि नावाच्या आचार्यांचे सर्वांना अधिकार आहे हे मत तेथे येते, पण ते टिकू दिलेले नाही. शास्त्र मोठे असूनही तेथे थांबले. जेथे ते थांबले तेथून आपल्या संतांनी वाट पुढे नेली. वेद संपन्न खरा, पण तीनच वर्णांच्या कानी लागला म्हणून त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, असे माउलींनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगितले, आणि ती उणीव गीतेने भरून काढली असे म्हटले. ज्ञान दडवून ठेवणाऱ्याला माउली कृपण म्हणतात. वेदालाही ज्यांनी भीड ठेवली नाही, ते आपल्याला कोणता शब्द लावतील याचा ज्याने त्याने विचार करावा.

दुसरी शंका: संतांना कुठे शाळा होती? जनाबाई कोणत्या परीक्षेला बसल्या? हा प्रश्न भाविक विचारतात, आणि त्यात भक्तीपेक्षा सोयच जास्त असते. गंगाखेडची ही लेक नामदेवरायांच्या घरी दासी होती. पण ते घर कसले होते? आपल्या नर्सीच्या नामदेवांचे. तेथे अखंड कीर्तन, संतांची ये-जा, आणि दासीने म्हटलेला शब्द ऐकून घेणारे कान. सत्संग हीच तिची शाळा होती, आणि त्या शाळेने तिला 'तू नको' म्हटले नाही. दुसरीकडे बहिणाबाई पाहा. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावी जन्म. परमार्थाच्या ओढीपायी नवऱ्याचा मार खावा लागला, स्त्रीदेहाला वेदाचा अधिकार नाही ही खंत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतः मांडली आहे. त्या एवढा विरोध सोसून मोठ्या झाल्या, म्हणून विरोध चांगला असे का कोणी म्हणेल? पुरातून एखादी वाचली म्हणजे पूर तारक ठरत नाही.

तिसरी शंका: मुली निकालात पुढे, मग आता मुलग्यांचे काय? शंका रास्त आहे. ज्या मुलाला घरी काम नाही, धाक नाही, उशीर झाला तर विचारणारे कोणी नाही, त्याचा वेळ पुस्तकात जाईलच असे नाही. तो पारावर आणि मोबाईलवर जातो. गरिबाचा मुलगा आठवी-नववीतच मजुरीला लागतो, कारण त्याला रोज मिळतो. ही दोन्ही लेकरे आपलीच. मुलीला आपण बांधून मागे ठेवतो, मुलाला मोकाट सोडून. तेव्हा येथेही अंतर उपजत नाही, आपणच पाडलेले आहे. भावाने स्वतःचे ताट धुतले, पाण्याची एक घागर आणली, तर बहिणीला अर्धा तास मिळेल आणि त्याला वळण लागेल. एका कामात दोघांचे हित.

चौथी शंका सर्वांत खोल, आणि ती आमच्या वारकऱ्यांतच जास्त ऐकू येते. "महाराज, ज्याचं त्याचं प्रारब्ध. देवाने ठेवले तैसे राहावे." प्रारब्धाचा सिद्धांत आम्ही नाकारीत नाही, आयुष्यभर कीर्तनातून तोच सांगितला. पण कोणत्या जागी कोणता शब्द वापरावा याला मर्यादा आहे. प्रयत्न करून थकलेल्या माणसाने स्वतःचे दुःख सोसताना 'हे माझे प्रारब्ध' म्हणावे. त्याने मन शांत होते. दुसऱ्याचे दुःख पाहताना, त्यातही जे दुःख आपल्या हातून झाले ते पाहताना, 'हे तुझे प्रारब्ध' म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली तर प्रारब्ध म्हणून आपण बसून राहत नाही, घागर घेऊन धावतो. स्वतःच्या दुःखाला संतोष आणि दुसऱ्याच्या दुःखाला दया, अशी संतांची वाटणी आहे. आपण ती फिरविली. स्वतःला काही कमी पडले तर नवससायास, वशिला, अर्ज, सगळे करतो; लेकीचे शिक्षण सुटले की मात्र लगेच वेदांत आठवतो!

तेव्हा सिद्धांत असा. इच्छा त्या लेकरांजवळ होती, ती आपण वाळविली. शक्ती त्यांच्याजवळ आहे, हे निकाल सांगतात. साधन मात्र आपण वाटून दिले नाही. दार कायद्याने उघडले, ते आपण आतून लावले. विद्येतले अंतर पुष्कळ अंशी आपल्याच हातचे आहे. हे ऐकायला कडू वाटेल, पण याच्याइतकी आशेची गोष्ट दुसरी नाही. देवाने पाडलेले अंतर आपल्याला भरता आले नसते. आपण पाडलेले भरता येते.

काय करावे? थोड्याच गोष्टी सांगतो, आणि त्या होण्याजोग्या आहेत. ज्या गावातून कोयते जातात त्या गावच्या सप्ताह-मंडळाने भंडाऱ्याच्या खर्चातला एक वाटा मागे राहणाऱ्या लेकरांच्या सहा महिन्यांच्या जेवणासाठी ठेवावा, आणि मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची चौकशी दिवाळीच्या आधी करावी, नंतर नव्हे. अन्नदान ते हेच. परीक्षेच्या महिन्यात देवळावरचा कर्णा रात्री बंद ठेवावा; कीर्तन मंडपात ऐकू आले म्हणजे झाले, पांडुरंग काही बहिरा नाही. संध्याकाळी दिवा लागल्यापासून दोन तास घरातल्या शाळकरी मुलीला कोणी हाक मारू नये. त्या वेळेला माळकऱ्याने हरिपाठाइतकेच जपावे. आणि आमच्या कीर्तनकार बंधूंना हात जोडून विनंती की अठराच्या आतल्या लग्नाच्या मांडवात पाय ठेवू नका, पंगतीलाही बसू नका, आणि का बसत नाही ते चारचौघांत सांगा. आपण न बोलता जेवून उठतो, त्याला लोक संमती समजतात.

आषाढीला दिंडीत चालताना पाहा. पुढे पताका, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. वाटेत एखादी दमली तर आपण काय करतो? 'हिचे पाय उपजतच दुबळे' म्हणून तिला टाकून पुढे जातो काय? कोणी तिच्या डोक्यावरचे बोचके घेतो, कोणी पाणी देतो, दिंडी दोन पावले सावकाश होते. पंढरपूर सगळ्यांनी मिळून गाठायचे असते, हे ज्यांच्या पायांना समजले, त्यांच्या घरातली पोर शाळेच्या वाटेवर एकटी मागे राहू नये. तिच्या डोक्यावरचे बोचके आपण ठेवलेले आहे. ते उतरवावे, एवढेच मागणे.

रामकृष्ण हरि.